हत्तीच्या घरची झाडलोट

५ डिसेंबर २०१३ या दिवशी पोस्टग्रेसक्यूएल नावाच्या डेटाबेसच्या एकदम पाच आवृत्त्या बाहेर पडल्या: ९.३.२, ९.२.६, ९.१.११, ९.०.१५ आणि ८.४.१९. एका घरातल्या पाच पिढ्यांना एकाच दिवशी एकच काढा पाजावा, तसा प्रकार. आजाराचं स्वरूप सोबतच्या टिपणात अतिशय सभ्य, तांत्रिक भाषेत लिहिलेलं होतं. साध्या मराठीत सांगायचं तर घरातला केर काढणारा गडी काही खोल्या न झाडताच वहीत ‘सगळं घर झाडलं’ असं लिहीत होता, आणि हे दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गडी लबाड नव्हता. त्याला मोजता येत होतं आणि त्याने मोजलंही होतं. फक्त त्याचं मोजून झाल्यावर घरच लहान झालं होतं. ते कसं, हे समजायला आधी घर पाहायला हवं.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी आधी ‘इन्ग्रेस’ नावाचा डेटाबेस केला. मग १९८६ मध्ये इन्ग्रेसच्या पुढचा, म्हणून ‘पोस्टग्रेस’ हाती घेतला. (स्टोनब्रेकर यांना पुढे २०१४ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, नावं ठेवण्यासाठी नव्हे.) १९९६ मध्ये या नावाला क्यूएलची शेपटी जोडली गेली. ती उच्चारताना जगभर जीभ अडखळते, त्यामुळे सगळे पोस्टग्रेसच म्हणतात. बोधचिन्ह हत्तीचं. मालक कोणीच नाही. सोर्स कोड कोणीही वाचावा, ज्याला जमेल त्याने सुधारावा. पुण्यात बसूनही या हत्तीच्या पोटात हात घालणारी मंडळी आहेत. पण हत्ती सार्वजनिक असला म्हणून त्याच्या मागचं काढायचं काम चुकत नाही, आणि या हत्तीच्या मागे पुष्कळ काढावं लागतं.

याचं कारण त्याची एक सवय. ती मराठी माणसाला समजावून सांगायला संगणकाची गरज नाही, सातबारा पुरतो. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात, फेरफार क्रमांक टाकतात आणि नवं नाव लिहितात. पोस्टग्रेसचा कारभार अगदी तलाठी कार्यालयाच्या वळणाचा आहे. प्रत्येक ओळीवर दोन छुपे क्रमांक असतात: ही ओळ कोणत्या व्यवहाराने आणली आणि कोणत्या व्यवहाराने बाद केली. एखाद्या ग्राहकाने पत्ता बदलला की जुनी ओळ आहे तिथेच राहते आणि नवी ओळ शेजारी येते. दिवसात शंभर वेळा शिल्लक बदलली तर शंभर नव्या ओळी. त्यातली एक जिवंत, बाकीच्या कंसात.

इतका पसारा का मांडायचा? तर वाचणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून. घरात आजोबांनी सोमवारचा पेपर हातात घेतला की तो वाचून होईपर्यंत त्यांच्या लेखी सोमवारच असतो. दरम्यान मंगळवारचा पेपर येतो, सूनबाई तो वाचते, कोणी कोणाच्या हातून काही ओढत नाही. डेटाबेसच्या जगात ही फार मोठी सोय आहे: लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही आणि वाचणारा लिहिणाऱ्याला. पंचाईत इतकीच, की आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपतात.

“आजोबा, रद्दीवाला आलाय.”

“थांब, वाचतोय मी.”

आता पोस्टग्रेसच्या नियमानुसार सोमवारचा पेपर तर हलवता येत नाहीच, पण सोमवारनंतर बाद झालेला एकही कागद हलवता येत नाही. न जाणो, आजोबांना लागला तर? अशा झोपलेल्या आजोबांना पोस्टग्रेसच्या यादीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. कुणीतरी दुपारी व्यवहार सुरू करतो, तो पुरा न करताच चहाला जातो, आणि दुसऱ्या दिवशी डिस्क भरली म्हणून बोंब होते.

ही रद्दी काढणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘व्हॅक्यूम’. १९८७ साली स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसच्या साठवणुकीवर जो निबंध लिहिला, त्यात हा व्हॅक्यूम क्लीनर आहेच. पण तेव्हा त्याचं काम रद्दी फेकण्याचं नव्हतं. जुन्या ओळी उचलून कायमच्या जतनासाठी वेगळ्या जागी नेऊन ठेवायच्या, म्हणजे डेटाबेसला ‘गेल्या वर्षी काय होतं?’ असं विचारता येईल, अशी कल्पना होती. कल्पना सुंदर, चाल मंद. पुढे ती सोय काढून टाकली गेली. माळ्यावर जपून ठेवण्यासाठी नेमलेला माणूस रद्दीवाला झाला, आणि नाव तेच राहिलं.

बरीच वर्षं हा रद्दीवाला बोलावल्याशिवाय येत नसे. २००५ च्या ८.१ आवृत्तीत ‘ऑटोव्हॅक्यूम’ घरातच राहायला आला, आणि २००८ च्या ८.३ पासून तो आपोआप कामाला लागू लागला. ठरलेला हिशेब असा: टेबलातल्या साधारण वीस टक्के ओळी, वर आणखी पन्नास, इतकी रद्दी साचली की झाडायला घ्यायचं. लोकांनी त्याचं स्वागत कसं केलं? सर्व्हर हळू चालतोय, यादीत पाहावं तर व्हॅक्यूम चाललेला दिसतोय, म्हणजे दोष त्याचाच, म्हणून अनेकांनी त्याला बंद करून टाकलं. घरात धूळ उडते म्हणून झाडू जप्त करण्यातलाच हा प्रकार. मग काही महिन्यांनी टेबल फुगतं, सर्व्हर आणखी मंदावतो आणि तोवर झाडूची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

इथवर विषय केराचा झाला. वह्यांचा विषय जास्त रंगतदार आहे.

व्हॅक्यूमला एकट्याला दोन-तीन वह्या सांभाळाव्या लागतात. पहिली, कोणत्या पानावर किती जागा मोकळी झाली त्याची. (पोस्टग्रेसमध्ये सगळा माल आठ किलोबाइटच्या पानांवर असतो.) २००९ च्या ८.४ आवृत्तीपर्यंत ही वही ठरावीक पानांची होती आणि तिची जाडी मालकाने आधीच सांगायची होती. घर वाढलं आणि वही भरली, तर उरलेल्या रिकाम्या खोल्यांची नोंद व्हायचीच नाही. खोल्या रिकाम्या, वहीत जागा नाही, म्हणून नवे पाहुणे आले की अंगणात नवी खोली बांधायची! कारकुनी कारभाराचं इतकं निर्मळ उदाहरण सरकारी दप्तरातही मुश्किलीने सापडेल. ८.४ मध्ये ही वही डिस्कवर गेली आणि लागेल तशी वाढू लागली.

त्याच ८.४ मध्ये दुसरी वही आली. या पानावर बाद ओळ एकही नाही, सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात, अशी खूण तिच्यात ठेवायची. अशी सलग बत्तीस तरी स्वच्छ पानं लागली की व्हॅक्यूम त्यांच्यावरून उडी मारून पुढे जातो. झाडलेली खोली कशाला पुन्हा झाडा? व्यवहारी शहाणपण. २०१२ च्या ९.२ मध्ये आणखी एक सवलत मिळाली. एखादं पान कोणी वापरत बसलं असेल, तर तिथे ताटकळायचं नाही. कोचावर बसलेल्या काकांना “काका, पाय वर घ्या” म्हणून पाहायचं, त्यांनी नाही घेतले तर कोचाखालचा केर तसाच ठेवून पुढे जायचं. हे घराघरात चालतं, तसं तिथेही चालू झालं.

तिसरी वही मात्र जीवघेणी आहे, आणि ती समजायला पंचांग उघडावं लागतं.

पोस्टग्रेसमधल्या प्रत्येक व्यवहाराला क्रमांक मिळतो. तो बत्तीस बिटांचा, म्हणजे एकूण क्रमांक ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ते संपले की पुन्हा सुरुवात. आपल्याकडची संवत्सरांची साठ नावं अशीच फिरतात: प्रभवपासून क्षयपर्यंत, मग पुन्हा प्रभव. आता कोणी नुसतंच ‘विश्वावसु संवत्सरात आजीचा जन्म झाला’ म्हटलं तर कोणता विश्वावसु? एखादा काटेकोर कारकून नियम करील, की चक्रातली अलीकडची निम्मी नावं मागची धरायची आणि पलीकडची निम्मी पुढची. आजी तीस वर्षांची होईपर्यंत सगळं सुरळीत. एकतिसाव्या वर्षी कारकून बोटं मोजतो आणि सांगतो, “या बाईंचा जन्म व्हायला अजून २९ वर्षं आहेत.” आजी समोर बसलेली, हातात चहाचा कप. पण वहीप्रमाणे ती यायची आहे, त्यामुळे दिसत नाही.

पोस्टग्रेस हेच करतो. अलीकडचे सुमारे २१४ कोटी क्रमांक भूतकाळ, पलीकडचे तितकेच भविष्यकाळ. एखादी ओळ त्याहून जुनी झाली की ती भविष्यात जाते आणि गायब होते. पुसली जात नाही. डिस्कवर ठणठणीत असते, फक्त कोणाला दिसत नाही. सेकंदाला हजार बदल करणारा डेटाबेस २१४ कोटींचा हा पल्ला पंचवीस दिवसांत गाठतो. म्हणून व्हॅक्यूमकडे केर काढण्याखेरीज आणखी एक काम दिलेलं आहे: जुन्या पण जिवंत ओळींवर ‘ही कायमची जुनी, हिचा क्रमांक आता पाहू नये’ असा शिक्का मारायचा. त्याला ‘फ्रीझ’ म्हणतात. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा त्या दाखल्याचा एकदाच, जन्मभरासाठी मारलेला शिक्का. आणि प्रत्येक टेबलाच्या नावापुढे एक नोंद असते, की या टेबलात अमुक क्रमांकाच्या आधीची बिनशिक्क्याची ओळ एकही उरलेली नाही. या नोंदीवर सगळा डेटाबेस डोळे मिटून विश्वास ठेवतो. इतका, की त्याच्या आधीच्या व्यवहारांचे निकाल लिहिलेली कागदपत्रंही मग काढून टाकतो.

ती नोंद पुढे सरकवायची अट साहजिकच एकच होती: सगळी पानं पाहिलेली असली पाहिजेत. उडी मारलेल्या स्वच्छ पानांवर बाद ओळी नसतात हे खरं, पण बिनशिक्क्याच्या म्हाताऱ्या ओळी असू शकतात. म्हणून व्हॅक्यूम शेवटी ताळा करायचा: पाहिलेली पानं आणि टेबलाची एकूण पानं. जुळली तर नोंद पुढे.

हा ताळा बरोबर होता. चुकली ती वेळ.

व्हॅक्यूम सहसा मोकळी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत करत नाही. तीच जागा नव्या ओळींना वापरतो. अपवाद एकच. टेबलाच्या अगदी शेवटी सलग बरीच पानं पूर्ण रिकामी झाली असतील, तर तो शेपटाचा तेवढा तुकडा कापून टाकतो. ‘बरीच’ म्हणजे हजार पानं किंवा टेबलाचा सोळावा हिस्सा. समजा, टेबल दहा हजार पानांचं आहे. व्हॅक्यूमने ९,६०० पानं पाहिली, ४०० वगळली. शेवटची हजार पानं रिकामी सापडली, ती कापली. आता टेबल उरलं ९,००० पानांचं. त्यानंतर ताळा करायला बसला: पाहिलेली पानं ९,६००, एकूण पानं ९,०००. म्हणजे सगळं पाहून झालं, वर सहाशे पानं जास्तीची! पोलिओच्या मोहिमेत गावातल्या मुलांहून जास्त मुलांना डोस पाजल्याचा अहवाल आला, तर निदान एखादा डॉक्टर तरी भुवई उंचावेल. पण इथे अट ‘पाहिलेली पानं एकूण पानांहून कमी नकोत’ इतकीच होती. कमी नव्हती. शिक्का बसला. वगळलेल्या ४०० पानांवरच्या म्हाताऱ्या ओळी बिनशिक्क्याच्या राहिल्या, आणि वहीप्रमाणे त्या अस्तित्वातच नव्हत्या.

‘हत्ती गेला आणि शेपूट राहिलं’ ही म्हण आपल्याकडे आहे. शेपूट आधी कापल्यामुळे हत्तीची मोजणी चुकल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

या गोंधळात कसूर नेमका कोणाचा, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. टिपणाप्रमाणे ८.४.८ आणि ९.०.४ पर्यंतच्या आवृत्त्या निर्दोष होत्या, दोष त्यांच्यानंतरचा, म्हणजे २०११ चा. आणि लगेच पुढच्याच आवृत्त्यांमध्ये काय सुधारलं होतं? व्हॅक्यूमने टेबलातल्या ओळींची आणि पानांची संख्या नेहमी नीट नोंदवावी, हे. म्हणजे एक वही नीट लिहायला शिकवताना दुसरी बिघडली. ज्या घरात मुलाला वळण लावलेलं आहे, तिथल्या आईवडिलांना हे नवीन नाही.

दोष सुधारला तो आंद्रेस फ्रॉइंड यांनी. यांचं नाव मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसबाहेरच्या लोकांनीही ऐकलं: सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा संशय येऊन त्यांनी ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी दडवलेली चोरवाट उघडकीला आणली. अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारा माणूस सहाशे पानांच्या फरकावर गप्प बसेल, ही अपेक्षाच चूक. त्यांच्या दुरुस्तीचा गाभा विलक्षण साधा आहे: ताळा करायचा, पण शेपूट कापण्याआधी. त्या कोडमध्ये वर एक टीपही होती. तिचा आशय असा, की ही तपासणी टेबल छाटण्यापूर्वीच करायला हवी, कारण छाटल्यावर पानांची संख्या बदलते. इतकी उघड गोष्ट लिहून ठेवावी लागते, कारण उघड गोष्टीच पुढच्या माणसाच्या हातून हलवल्या जातात.

दुरुस्ती सोपी, निस्तरणं अवघड. वापरणाऱ्यांना सांगण्यात आलं, की नवी आवृत्ती घाला आणि मग सगळ्या डेटाबेसमधली सगळी टेबलं एकदा पूर्ण, एकही पान न वगळता झाडून घ्या. त्याने लपलेला बिघाड दूर होईल, पण आधीच झालेलं सगळं नुकसान भरून येईलच असं नाही. ज्यांच्या डेटाबेसने आयुष्यात २१४ कोटी व्यवहार केलेलेच नाहीत, त्यांनी मात्र ही झाडलोट केल्यावर निर्धास्त राहावं. ओळी कायमच्या दिसेनाशा व्हायला ही चूक अनेकदा घडावी लागते, त्यामुळे शक्यता कमी होती. पण शून्य नव्हती, असं टिपणात प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. ९.२ पासून ती वाढलीही होती. तीच आवृत्ती, जिच्यात काकांना पाय वर न घेण्याची मुभा मिळाली होती.

कधी वही खरी असते आणि तरी पंचाईत होते. शिक्के मारायचं काम मागे पडलं तर पोस्टग्रेस आधी इशारे देतो, मग भविष्य हाकेच्या अंतरावर आलं की नवे बदल घ्यायचंच थांबवतो. २०१५ मध्ये ‘सेंट्री’ या कंपनीची आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ई-मेल पाठवणाऱ्या ‘मँड्रिल’ सेवेची याच कारणाने गाडी अडली. दोघांनीही नंतर जगाला सविस्तर हकिकत सांगितली. आपल्या घरात साचलेल्या केराचा अहवाल स्वहस्ते छापून वाटायला धैर्य लागतं.

माणसाच्या झाडलोटीचे किस्से यंत्रापेक्षा सरस आहेत. व्यवहारांचे निकाल ज्या फोल्डरमध्ये राहतात त्याचं नाव होतं ‘पीजी-क्लॉग’, आणि बदलांची कच्ची वही जिथे असते त्याचं ‘पीजी-एक्सलॉग’. डिस्क भरली की कोणीतरी सुज्ञ माणूस आत डोकावायचा, ‘लॉग’ हा शब्द वाचायचा, लॉग म्हणजे जुनी टाचणं, असं समजून सगळं उडवून टाकायचा. डेटाबेस पुन्हा उठायचा नाही. अखेर २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ही नावंच बदलली: ‘पीजी-एक्सअॅक्ट’ आणि ‘पीजी-वॉल’. बदलाचं कारणही लेखी दिलं, की लोक हे फोल्डर बिनमहत्त्वाचे समजून पुसतात. बाटलीवर ‘औषध’ लिहून भागत नाही म्हणून ‘विष’ लिहिणारे कंपाउंडर पूर्वी असायचे, त्यांच्याच घराण्यातला हा निर्णय.

व्हॅक्यूमचीही उलट्या दिशेची, म्हणजे नको ते झाडून टाकण्याची चूक २०२१ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत झाली. टेबल चालू ठेवून इंडेक्स, म्हणजे ओळी शोधण्याची सूची, बांधणारे आजोबा खूप वेळ घेतात, मग व्हॅक्यूमने त्यांच्यासाठी का थांबावं, असा विचार करून त्यांना मोजणीतून वगळलं. ते वाचत असलेले कागदही मग रद्दीत गेले आणि नवे इंडेक्स अपुरे बनले. जून २०२२ मध्ये १४.४ काढून ती सुधारणा मागे घ्यावी लागली. आजोबा पुन्हा मोजले जाऊ लागले.

पुढे वह्या खरंच सुधारल्या. २०१६ च्या ९.६ पासून कोणत्या पानावर सगळे शिक्के मारून झालेत याची वेगळी खूण ठेवतात. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून व्हॅक्यूम काम करतानाच मागे राहिलेला सर्वांत जुना क्रमांक लक्षात ठेवतो आणि नोंद तिथवरच सरकवतो. २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत बाद ओळींची यादी ठेवायची पद्धत पालटली. आधी प्रत्येक ओळीला सहा बाइट आणि यादीला एक गिगाबाइटची मर्यादा होती. भरली की झाडू टेकवून इंडेक्स साफ करायचे आणि मग पुन्हा झाडू उचलायचा. नव्या यादीला ती मर्यादा नाही आणि जागाही फार कमी लागते.

इतकं होऊनही कार्यालयातलं दृश्य बदललेलं नाही. सकाळी अकराची वेळ, ग्राहकांची गर्दी, सर्व्हर जरा जड झालेला. चालू कामांच्या यादीत वरच एक ओळ दिसते: ऑटोव्हॅक्यूम, आणि पुढे कंसात ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’. ऑटोव्हॅक्यूम कायमचा बंद करून ठेवला असला तरी ही एक फेरी तो मारतोच, मालकाला विचारत नाही.

साहेब खांद्यावरून वाकून बघतात. “हे काय आहे?”

“सर, साफसफाई चालू आहे.”

“आत्ता? बंद करा ते.”

अभियंता बंद करतो. साहेब समाधानाने केबिनकडे वळतात. मिनिटभराने तीच ओळ पुन्हा यादीत येते.